बोक्याच्या शेपटीखाली तांदळासारखं काहीतरी वळवळतंय, जंताचं औषध देऊनही जात नाहीये

डोंबिवलीची_सून

नमस्कार मंडळी. विषय जरा किळसवाणा आहे, जेवत असाल तर आधी जेवून घ्या.

आमच्याकडे बंड्या नावाचा बोका आहे, अडीच-तीन वर्षांचा, नसबंदी झालेला. आम्ही तळमजल्यावर राहतो त्यामुळे साहेबांच्या कंपाउंडमध्ये फेऱ्या चालू असतात, अडवून उपयोग नाही, ग्रिलमधून बरोबर निसटतो. खाणंपिणं उत्तम, उड्या उत्तम, वजनही दिसायला तरी कमी नाही. पण तो ज्या गोधडीवर झोपतो तिच्यावर हल्ली बारीक पिवळट दाणे सापडायला लागलेत. पहिल्यांदा वाटलं लेकीने भात सांडला असेल (दोन वर्षांची आहे, घरभर भात असतोच) म्हणून झटकून टाकले. काल संध्याकाळी बंड्या माझ्याकडे पाठ करून बसला होता, शेपूट वर केली तर तिथे केसांना चिकटलेला पांढरा तुकडा आणि तो चक्क हलत होता, म्हणजे लांब व्हायचा मग आखडायचा, परत लांब. मी किंचाळले, बंड्या कपाटावर, सासूबाई देवघरातून धावत बाहेर.

बरं जंताचं औषध मागच्याच महिन्यात झालंय. जवळच्या मेडिकलमधून मांजराचं जंताचं औषध म्हणून सिरप दिलेलं, बाटलीवर पायरँटेल लिहिलंय. मग हे कुठून आलं? औषध डुप्लिकेट असतं का? आणि खरं टेन्शन लेकीचं आहे, ती बंड्याला मिठ्या मारते, सासूबाई कालपासून म्हणतायत की मांजराचे जंत मेंदूत जातात, मांजर देऊन टाका. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, घरात वातावरण तंग आहे.

---

पुणेरी_मांजरवाली

टेपवर्म (फितीसारखा चपटा जंत) आहे ग. १००%. हलणारे तांदळाचे दाणे = टेपवर्मचे तुकडे, सुकले की तिळासारखे पिवळट कडक होतात, गोधडीवर तेच पडलेत. माझ्याकडे चार मांजरं आहेत, चौघांना झालेत कधी ना कधी, कुणी मेलं नाही, घाबरू नकोस.

पायरँटेल टेपवर्मवर चालतच नाही. ते गोल जंतांचं औषध आहे. डुप्लिकेट वगैरे काही नाही, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार झालाय. पट्टीवर प्राझिक्वांटेल हा शब्द असलेली गोळी लागते. व्हेटकडे जा, वजन करून घे.

आणि पिसवा बघ अंगावर. असणारच.

---

डोंबिवलीची_सून

पिसवा नाहीयेत पण! मी रोज ब्रश करते, मला कधी एक पिसू दिसली नाही.

---

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, प्रॅक्टिस जास्त गाईम्हशींची असली तरी तालुक्याच्या ठिकाणी मांजरंही येतात आणि हल्ली बरीच येतात. परभणीला शिकताना परजीवीशास्त्राच्या प्रॅक्टिकलला हे किडे बाटलीत बघितलेत, नंतर लोकांच्या मोबाईलमध्ये बघितले, दर पावसाळ्यात कुणी ना कुणी हाच व्हिडिओ घेऊन येतं आणि माझ्या जेवणाच्या वेळेलाच येतं. जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही जे बघितलंत तो अख्खा जंत नव्हे, त्याचा शेवटचा तुकडा. जंत स्वतः लहान आतड्यात डोकं रुतवून बसलेला असतो, लांबी अर्ध्या मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि त्याला तोंडही नसतं पोटही नसतं, अंगाच्या कातडीतूनच मांजराचं पचलेलं अन्न शोषतो. मानेजवळ नवीन तुकडे तयार होत राहतात, शेपटाकडचे पिकतात, अंड्यांनी भरतात आणि एकेक करून सुटतात. सुटलेल्या तुकड्याला स्वतःची हालचाल असते, म्हणून तो शी नसतानाही एकटाच सरपटत बाहेर येतो आणि शेपटीखाली चिकटतो. सुकला की पिवळा पडतो. एखादा सुकलेला दाणा ताटलीत पाण्याच्या थेंबात टाकून ठेवा, फुगून परत मूळ आकारात येतो, भाताचं शीत आहे का जंत आहे हे तिथेच कळतं.

आता पिसवांचं. मांजरात सगळ्यात जास्त दिसणारा टेपवर्म म्हणजे डायपिलिडियम कॅनिनम. नावात कुत्रा आहे पण मांजरालाही तोच होतो. आणि तो पिसू गिळल्याशिवाय होत नाही (कधीमधी अंगावरची ऊ गिळूनही, पण मुख्यतः पिसूच). एका मांजराची शी दुसऱ्याने हुंगली, एकाच ताटलीत जेवले, असं करून होत नाही. तुमच्या गोधडीवर पडलेला तुकडा सुकून फुटतो, त्यातून अंडी बाहेर येतात, ती त्याच गोधडीच्या शिवणीत वाढणारी पिसूची अळी खाते. मोठ्या पिसूला ती अंडी खाताच येत नाहीत कारण तिचं तोंड फक्त रक्त शोषायचं असतं, अळीलाच चावायचं तोंड असतं. मग अळीची पिसू होते, पोटात जंताचं पिल्लू घेऊनच ती बोक्यावर चढते, बोका अंग चाटताना तिला गिळतो आणि २-३ आठवड्यांत परत शेपटीखाली दाणे. म्हणजे सगळा कारखाना तुमच्या गोधडीत आहे, बोका फक्त गिऱ्हाईक.

"पिसवा दिसत नाहीत" हे मी रोज ऐकतो. मांजराची जीभ खरखरीत असते, ते चाटून चाटून पिसवा गिळूनच टाकतं, म्हणून तर जंत होतो ना. ब्रशने कळत नाही. उवांची बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या बुडाशी पाठीवर आणि मानेखाली फिरवा, जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कडेने लालसर तपकिरी रंग सुटला तर ती पिसूची विष्ठा आहे, म्हणजे तुमच्या बोक्याचंच पचवलेलं रक्त. रंग सुटला नाही तर साधी माती.

औषधाचं वर सांगितलंय ते बरोबर. प्राझिक्वांटेल, साधारण किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, एकच डोस. मांजरांच्या तयार गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल दोन्ही असतात, म्हणजे चपटे आणि गोल दोन्ही जंत एका गोळीत. पण अंदाजाने देऊ नका, वजन करा. वजन करायची सोपी पद्धत, स्वतः बोक्याला घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने, वजाबाकी.

आणि एक, घरात शाळेतून आलेली जंताची गोळी पडलेली असते बऱ्याच जणांच्या. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १० तारखेला जंतनाशक दिन असतो, तेव्हा मुलांना देतात ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅमची. ती मांजराला तोडून मोडून अजिबात देऊ नका, मांजरात तिने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन रक्तपेशी घटू शकतात. तसंच माणसांची प्राझिक्वांटेल ६०० मिलिग्रॅमची येते, चार किलोच्या बोक्यासाठी तिचे तीस तुकडे करत बसणार का? मांजराचीच घ्या.

---

निसर्गप्रेमी_७

इतकी केमिकल्स द्यायची काय गरज आहे. वावडिंगाची पूड मधातून, किंवा लसणाची एक पाकळी ठेचून दुधात, आमच्या आजी गुरांना पण हेच द्यायच्या. भोपळ्याच्या बिया पण चालतात. पिसवांसाठी कापूर आणि निलगिरी तेल अंगाला चोळायचं. कधी डॉक्टरकडे जावं लागलं नाही.

---

पुणेरी_मांजरवाली

अहो लसूण नका सांगू कृपया!!! कांदा लसूण मांजरांना विषारी असतो, लाल पेशी फुटतात त्यांच्या. आणि निलगिरी, कापूर मांजराच्या अंगाला?? ते चाटणार ना सगळं. माझ्या ओळखीत एकांनी टी ट्री ऑईल लावलेलं मांजराला, लाळ गळून, पाय लटपटून, रात्रीत सलाईन लावावं लागलं.

---

गुरांचा_डॉक्टर

निसर्गप्रेमी, आजींच्या गुरांना चार पोटाचे कप्पे होते आणि वजन चारशे किलो. बोक्याचं यकृत वेगळ्या घडणीचं आहे, बरीच द्रव्यं त्याला मोडता येत नाहीत, त्यात हे सुगंधी तेलवाले सगळे येतात. वावडिंग आयुर्वेदात कृमीवर सांगितलंय ते खरं, पण मांजराच्या टेपवर्मवर किती द्यायचं आणि चालतं का याचा भरवशाचा हिशोब नाही आणि मध घालून मांजर खाणार कसं हाही प्रश्न आहेच, मांजराला गोड चवच कळत नाही. भोपळ्याच्या बियांनी बिघडणार काही नाही, जंतही जाणार नाही.

पण खरा धोका दुसरीकडे आहे, तो लिहायचा राहिला. पिसवांचं औषध म्हणून कृषी सेवा केंद्रातून गोचिडाचं औषध आणू नका. आमच्याकडे हे सर्रास होतं. गुरांवर फवारायचं डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब, यातलं काहीही मांजराला लावायचं नाही. थरथर, झटके, आणि वेळेत आणलं नाही तर मांजर जातं. माझ्याकडे टेपवर्मने मेलेलं मोठं मांजर एकही आलेलं नाही, गोचिडाच्या औषधाने गेलेली आलीत. घरात कुत्रा असेल आणि त्याला परमेथ्रिनचे थेंब टाकले असतील तर तेही वाळेपर्यंत मांजराला त्याच्याशी लगट करू देऊ नका.

मांजरासाठी फिप्रोनिलचे किंवा सेलामेक्टिनचे थेंब मिळतात, वजन आणि वय बघून मिळतात, खोक्यावर मांजराचं चित्र आहे का ते बघायचं. दोन खांद्यांच्या मध्ये, मानेच्या मागे, केस बाजूला सारून कातडीवर टाकायचे. केसांवर नाही. तिथे जीभ पोचत नाही म्हणून ती जागा. फिप्रोनिल टाकायच्या आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. घरात ससा असेल तर त्याला मात्र फिप्रोनिल चालत नाही.

---

कुडाळचो_झील

डॉक्टर, एक शंका. आमच्याकडे पडवीत तीन मांजरं आहेत, फणी फिरवून बघितली, पिसवा खरंच नाहीत. तरी मोठ्या बोक्याला हे दाणे आहेत, आणि जरा मोठे, चौकोनी वाटतात, काकडीच्या बीसारखे नाहीत. भाताच्या कणगीत उंदीर भरपूर, बोक्याचं निम्मं जेवण तेच.

---

गुरांचा_डॉक्टर

मग तो दुसरा. टीनिया टीनीफॉर्मिस, हा उंदरातून येतो. पिसवावाल्याचा तुकडा दोन्ही टोकांना निमुळता, याचा चौकोनी आणि भरीव, तुमची नजर चांगली आहे. मांजराच्या शीतली अंडी उंदराच्या पोटात जातात, उंदराच्या यकृतात पांढरी गाठ होते आणि तिच्यात लहानसा जंत गुंडाळी करून बसलेला असतो, बोक्याने उंदीर यकृतासकट खाल्ला की झालं. याला शेपटीखाली दिसायला जास्त वेळ लागतो, महिना ते अडीच महिने. गोळी तीच, प्राझिक्वांटेल.

तुमच्या बोक्याला उंदीर खाऊ नको म्हणून सांगता येणार नाही, पाळलाय त्यासाठीच. तेव्हा शिकारी मांजराला तीन महिन्यांतून एकदा गोळी असं धरून चाला, उंदरांचा सुळसुळाट असेल तर त्याहून आधी. आणि उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकत असाल तर ते बंद करा, विष खाल्लेला उंदीर बोक्याने खाल्ला तर बोकाही जाईल.

---

कुडाळचो_झील

वड्या कधीच बंद केल्या. गोळी आणतो. पण देणार कशी तो वेगळा विषय, मागच्या वेळी आमच्या बोक्याने माझ्या हातावर नकाशा काढला होता. 😐

---

जर्सीतली_मावशी

मी न्यू जर्सीत असते, इथे मांजरांची प्राझिक्वांटेल गोळी दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, आणि चिठ्ठीवर मानेवर टाकायच्या थेंबांतही मिळते, ज्यांची मांजरं गोळीच घेत नाहीत त्यांच्यासाठी. भारतात तुमच्या व्हेटना विचारा आहे का. नसेल तर इंजेक्शनही असतं, जरा झोंबतं.

गोळी द्यायची आमची पद्धत सांगते. ही गोळी कडू जहर असते, मांजराने चावली की तोंडाला फेस येतो आणि लोक घाबरतात की रिअॅक्शन आली. रिअॅक्शन नसते, कडू लागलं म्हणून लाळ येते, पाच-दहा मिनिटांत थांबतं. त्यामुळे चुरून दुधात कालवायची आयडिया विसरा, मांजर दूध तर पिणार नाहीच, वर तुमच्या वाटीवरचा विश्वास उडेल तो वेगळा.

मांजराला जुन्या टॉवेलमध्ये पोळीच्या रोलसारखं गुंडाळायचं, फक्त मुंडकं बाहेर. गोळीला चिमूटभर लोणी लावायचं. डाव्या हाताने डोकं वरून धरून नाक छताकडे करायचं, खालचा जबडा आपोआप सैल पडतो, उजव्या हाताच्या बोटाने गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यावर ठेवायची, पुढे ठेवली तर थुंकणार. तोंड मिटून घशावरून हलकं चोळायचं. नाक चाटलं की समजायचं गिळली. वरून चमचाभर पाणी ड्रॉपरने गालातून, किंवा आवडीचं काहीतरी खायला, म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून राहत नाही. उपाशी वगैरे ठेवायची गरज नाही.

---

डोंबिवलीची_सून

सगळ्यांना थँक्यू!! अपडेट देते.

फणी फिरवली. काळे कण निघाले, ओल्या कापसावर ठेवले, लाल झाले. 🤢 डॉक्टर तुम्ही म्हणालात तसंच. मला हे इतके दिवस खाली बसून अंगाला लागलेली धूळ वाटत होती.

आज व्हेटकडे नेला, वजन ४.३ किलो, प्राझिक्वांटेल + पायरँटेलची गोळी त्यांनीच दिली तोंडात, एका सेकंदात, बंड्याला कळलंसुद्धा नाही. मानेवर थेंबही टाकले. शी तपासायला दिलेली तर रिपोर्ट आला "अंडी आढळली नाहीत". मग मी मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला, तेव्हा ते म्हणाले हाच पुरावा पुरे.

आता तीन प्रश्न राहिलेत. रिपोर्ट निगेटिव्ह कसा? दुसरं, गोळी देऊन झाली पण जंत बाहेर पडलेला दिसला नाही, शी मी काडीने उसकटून बघितली (हो, इथवर वेळ आलीये), मग गोळी लागू पडली का? आणि तिसरा प्रश्न लेकीचा, त्यावर कुणीच बोललं नाही, सासूबाईंनी आता कोबीतल्या अळीचा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड पण दाखवलाय मेंदूवाला.

---

गुरांचा_डॉक्टर

रिपोर्ट: या जंताची अंडी सुटी फिरत नाहीत, पाकिटात बांधलेली असतात आणि पाकिटं तुकड्याच्या आत. तुकडा आख्खा बाहेर पडला आणि तुम्ही दिलेल्या शीच्या नमुन्यात तो नव्हता, तर सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसणार नाही. म्हणून टेपवर्मच्या बाबतीत निगेटिव्ह रिपोर्टला फार किंमत नाही, मालकाने बघितलेला दाणा जास्त खरा. व्हिडिओ काढलात ते उत्तम केलंत. पुढच्या वेळी तुकडाच झाकणाच्या डबीत थोड्या पाण्यात घालून न्या.

जंत दिसला नाही: दिसणार नाहीच बहुतेक. या औषधाने जंताचे स्नायू एकदम आखडतात, पकड सुटते आणि त्याची कातडी फाटते. जिवंत असेपर्यंत ती कातडीच त्याला आतड्यातल्या पाचकरसापासून वाचवत असते. ती गेली की बोका त्याला मटणासारखा पचवून टाकतो. शी उसकटणं थांबवा. येत्या दोन-चार दिवसांत जुने सुकलेले दाणे गोधडीवर किंवा शेपटीच्या केसात सापडतील त्याला नवे समजू नका. पण तीन आठवड्यांनी पुन्हा ओले, हलणारे तुकडे दिसले तर गोळी फसली असं नाही, बोक्याने नवीन पिसू गिळली. गोळी आज पोटात आहेत तेवढे जंत मारते, उद्यासाठी तिचा काही पहारा नसतो. लोक दर महिन्याला गोळ्या देत राहतात आणि मला येऊन सांगतात डॉक्टर कंपनी बदला.

लेकीचं: हा जंत माणसाला होऊ शकतो, खोटं सांगणार नाही, पण त्यासाठी तिलाही पिसू गिळावी लागेल. मिठी मारून, बोक्याला हात लावून, अगदी तो दाणा हाताला लागूनही होत नाही. जगभरात जी थोडीथोडकी प्रकरणं नोंदली गेलीत ती बहुतेक रांगत्या, जमिनीवरचं सगळं तोंडात घालणाऱ्या लहान मुलांचीच आहेत, त्यामुळे लेकीच्या वयाला थोडं लक्ष हवं एवढंच. तिच्या शीत किंवा डायपरमध्ये तसलेच हलणारे दाणे दिसले तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात मांजर आहे हे सांगा, नाहीतर ते सुतकृमी समजून दुसरंच औषध देतील. इलाज सोपा आहे. मेंदूत मात्र हा जात नाही.

सासूबाईंचा मेंदूवाला जंत खराच आहे, पण तो वेगळा, टीनिया सोलियम, डुकराचा. त्यात मांजर कुठेच नाही. तो मोठा जंत राहतो माणसाच्या आतड्यात, त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून शेतात, पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या पालेभाजीवर, आणि ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होतात. कोबीच्या अळीशीही त्याचा संबंध नाही, ती फुलपाखराची नाहीतर पतंगाची अळी. कोबी धुऊन खा, बोका ठेवा.

---

पुणेरी_मांजरवाली

गोधडीचं कुणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते, मूळ तिथे आहे.

थेंब टाकले म्हणजे बोक्यावरच्या पिसवा मरतील पण घरात अंडी, अळ्या, कोष आहेत ते तसेच राहतात. पिसू रोज डझनांनी अंडी घालते आणि ती मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, जिथे बसेल तिथे गळतात. कोषातल्या पिसवा तर महिनोन् महिने तग धरतात, औषधालाही दाद देत नाहीत, माणसाच्या पावलांची थरथर जाणवली की बाहेर. म्हणून मे महिन्यात गावी जाऊन आलेली माणसं दार उघडतात आणि पायांवर पिसवांचा हल्ला होतो, हा अनुभव अर्ध्या महाराष्ट्राला असेल.

गोधडी, उशीचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं सगळं गरम पाण्यात धू, म्हणजे हात बुडवता येणार नाही इतकं गरम. गोधडी जाड असते, शिवणीत राहतात, दोनदा धू, कडक उन्हात उलटसुलट वाळव. आता पाऊस आहे तर इस्त्री फिरव शिवणींवरून. सोफ्याखाली, पलंगाखाली, भिंतीच्या कडेने व्हॅक्यूम असेल तर व्हॅक्यूम, नसेल तर ओलं फडकं, नुसत्या झाडूने उडतात. व्हॅक्यूमची पिशवी घराबाहेर रिकामी कर. हे एकदा करून नाही भागत, निदान दोन-तीन महिने दर आठवड्याला. आणि थेंब महिन्याच्या महिन्याला, "आता दिसत नाहीत" म्हणून मधेच सोडायचे नाहीत, तिथेच सगळे फसतात.

डांबरगोळ्या गोधडीत ठेवू नकोस, त्याही मांजराला वाईट.

---

डोंबिवलीची_सून

इस्त्रीची आयडिया भारी आहे. गोधडी माझ्या आईने शिवलेली आहे नाहीतर सरळ टाकूनच दिली असती. सासूबाईंना डॉक्टरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, "कोबी धुऊन खा, बोका ठेवा" ला हसल्या. बंड्याला तूर्त बाल्कनीत जुन्या चादरीवर झोपायची परवानगी आहे, तो अर्थात टीव्हीच्या डोक्यावर झोपलाय.

---

नाशिकचा_नवखा

धागा वाचून मलाही विचारायचंय, वेगळा काढत नाही. आमच्याकडे दोन पिल्लं आणलीत रस्त्यावरून, दीड-दोन महिन्यांची असतील, पोट नगाऱ्यासारखं, एकाने काल शेवयांसारखं काहीतरी लांब ओकलं. हे पण टेपवर्मच ना? शिवाय घरची म्हातारी मांजर आहे बारा वर्षांची, ती भरपूर खाते पण अंगाला लागत नाही, हाडं दिसायला लागलीत, तिच्या शेपटीखाली दाणे वगैरे काही नाही. तिघांना एकदमच गोळी देऊन टाकू का?

---

गुरांचा_डॉक्टर

पिल्लांचे गोल जंत आहेत, टॉक्सोकारा. लांब, गोल, टोकं निमुळती, ओकारीत येतात, आणि पोट फुगलेलं हे त्याचंच. बऱ्याचदा आईच्या दुधातूनच येतात. इथे पायरँटेल हेच योग्य औषध, पिल्लांना दर दोन आठवड्यांनी द्यावं लागतं, वजनावर. पिसवा असतील तर टेपवर्मही असू शकतो, दोन्ही एकत्र असतातच, पण सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला प्राझिक्वांटेल देत नाहीत, त्यामुळे नेमकं वय डॉक्टरांकडून दातांवरून बघून घ्या. पिल्लांच्या अंगावर पिसवा खूप असतील तर हिरड्याही बघा, पांढुरक्या असतील तर रक्त कमी झालंय, मग उद्यावर ढकलू नका. या गोल जंतांची अंडी मात्र मातीतून, शीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात, शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ करा आणि हात धुवा.

म्हातारीला गोळी देऊन वाट बघत बसू नका. टेपवर्मने मोठं मांजर सहसा इतकं वाळत नाही. बारा वर्षांचं मांजर, भूक वाढलेली आणि वजन उतरतंय म्हटलं की आधी थायरॉइड आणि साखर बघायची, मग किडनी. पाणी जास्त पितेय का, ट्रेमधल्या वाळूत शूचे होणारे गोळे मोठे झालेत का बघा आणि सांगा. रक्त तपासा या आठवड्यात.

---

नाशिकचा_नवखा

पाणी जास्त पितेय. बादलीतलं पण पिते, आम्हाला वाटलं उन्हाळ्यामुळे सवय लागली. उद्याच नेतो, पिल्लंही बरोबर.